भट्टी पास होईपर्यंत

कोणतीही वस्तू मुळात चांगली किंवा वाईट नसते. ती तपासलेली असते किंवा तपासायची राहिलेली असते. हे सत्य आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं की नाही, याची नोंद सापडत नाही (नोंदच सापडत नाही, यावरून काय ते समजावं). शशिकांत टिपणीसांना मात्र ते पुरतं ठाऊक होतं. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रबरी वॉशर बनवणाऱ्या एका कारखान्यात ते चौतीस वर्षं गुणवत्ता नियंत्रण अधिकारी होते. या काळात त्यांच्या नजरेखालून अंदाजे नऊ कोटी वॉशर गेले. त्यांतला एकही त्यांनी स्वतः बनवलेला नव्हता. बनवणं काय, कुणालाही जमतं. नाकारायला अधिकार लागतो.

निवृत्तीनंतर टिपणीस बदलापूर पूर्वेला, शिरगावातल्या आपल्या रो-हाउसमध्ये पूर्ण वेळ राहू लागले. घरात पत्नी कुंदा, मुलगा शौनक, सून राजसी आणि चौथीत शिकणारी नात अनुया. मागे अकरा बाय चौदा फुटांचं परसू, त्यात एक कढीपत्ता, एक दोरी आणि पाच फुटांची भिंत. घरात पुरेशी माणसं होती, त्यामुळे दोष काढायला वाव होता. टिपणीस सुखात होते.

मग दिवाळीनंतर शौनकने खरवईला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. शिरगाव ते खरवई अंतर रिक्षाने बारा मिनिटं. आधी "रोज येऊन जाऊ" असं ठरलं. सामान हलेपर्यंत ते "दर रविवारी येऊ" असं झालं. (ठरावाची ही घसरण सर्वच कुटुंबांत साधारण याच वेगाने होते, त्यात शौनकचा वेगळा दोष नाही.) पहिले तीन रविवार मंडळी आली. चौथ्या रविवारी आली नाहीत.

टिपणीसांना फार वाईट वाटलं. पण वाईट वाटणं ही काही कार्यवाही नव्हे. त्यांनी कारखान्यातली जुनी, सिद्ध पद्धत काढली. या पद्धतीत दोष दिसला की पाच वेळा 'का' असं विचारतात, आणि पाचव्या 'का'च्या बुडाशी खरं कारण सापडतं. टिपणीसांनी वही घेतली आणि लिहिलं:

१. अनुया रविवारी का आली नाही? — मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली.

२. का गेली? — तिथे पिझ्झा होता.

३. आपल्याकडे पिझ्झा का नसतो? — कुंदा करत नाही.

४. का करत नाही? — पूर्वी तव्यावर करायची, पण आपण त्याला 'चीज लावलेला उत्तप्पा' म्हणालो.

५. का म्हणालो? — कारण खरा पिझ्झा लाकडाच्या भट्टीत होतो, आणि आपल्याकडे भट्टी नाही.

मूळ कारण हाती लागलं. पद्धतीत सहावा 'का' नाही, त्यामुळे टिपणीसांनी वही मिटली.

"अहो, फोन करून 'या' म्हणा ना," कुंदाताई म्हणाल्या. "पोरगी आजोबांसाठी येते. भट्टीसाठी नाही."

"तू लक्षणावर उपाय सांगतेस," टिपणीस म्हणाले. "मी कारणावर करतोय."

भट्टी उभारणी समिती त्याच दुपारी स्थापन झाली. अध्यक्ष, सचिव आणि तांत्रिक सल्लागार टिपणीस. ग्राहक प्रतिनिधी कुंदाताई (मताधिकार नाही, चहा त्यांच्याकडे). जागा आग्नेय कोपऱ्यात ठरली. टिपणीसांचा वास्तुशास्त्रावर विश्वास नव्हता, पण अविश्वासाचंही प्रमाणपत्र त्यांच्याजवळ नव्हतं, तेव्हा उगाच कशाला धोका पत्करा. दोरी वायव्येला हलवण्यात आली. कढीपत्ता होता तिथेच राहिला, कारण त्याला हलवण्याचा अधिकार समितीला नव्हता. तो कुंदाताईंचा होता.

भट्टीच्या विटांसाठी टिपणीस उल्हासनगरला गेले. तिथे वासुशेठ नावाच्या सिंधी व्यापाऱ्याकडे मोडलेल्या बेकरीच्या जुन्या विटा होत्या, आगीत भाजून भाजून काळ्या-तांबड्या झालेल्या. टिपणीसांनी एक वीट उचलली, फिरवली, नखाने खरवडली आणि चाचणीचा दाखला मागितला.

"साईं," वासुशेठ म्हणाले, "इस ईंट के बीच में चालीस साल पाव निकला है. आधा उल्हासनगर खाके बडा हुआ. और कौनसा सर्टिफिकेट मांगता?"

हे उत्तर टिपणीसांनी 'तोंडी आश्वासन' या सदरात नोंदवलं आणि विटा घेतल्या.

ओल्या वाळूचा ढीग रचून, त्यावर विटांचा घुमट बसवून, वर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा करण्यात आला. वाळू आतून उपसल्यावर घुमट उभा राहिला, तेव्हा टिपणीसांचे डोळे पाणावले. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी हाताने केलेली ही पहिली वस्तू. त्यांनी लगेच तिच्यात तीन दोष काढले.

चौथा दोष भट्टीने आपणहून दाखवला. पहिल्याच जाळाला गिलावा माथ्यापासून पायथ्यापर्यंत फाटला. आवाज ऐकून भिंतीपलीकडून पुतळाबाईंनी डोकं वर काढलं. पुतळाबाई शिरगावच्या मूळच्या. टिपणीसांचं परसू ज्या जमिनीवर होतं, तिच्यावर त्यांच्या सासऱ्याने भात लावलेला होता. तेव्हा परसात काय चाललंय हे बघण्याचा हक्क त्या आपल्याकडे वंशपरंपरेने आहे असं समजत.

"सायेब, चूल कदी सिमिटाची असते क?" त्या म्हणाल्या. "माती आना. तूस मी देतंय."

पुतळाबाईंची नेमणूक बाह्य सल्लागार म्हणून झाली. त्यांनी माती, भाताचं तूस आणि शेण कालवून, पदर खोचून, दोन तासांत भट्टी लिंपून दिली. किती प्रमाणात काय घातलं, असं टिपणीसांनी वही उघडून विचारलं. "हाताला लागतं तवरी," असं उत्तर मिळालं. तो रकाना आजही रिकामा आहे. भट्टीला तडा मात्र नंतर कधी गेला नाही.

आता प्रश्न मानकांचा. मानकाशिवाय पिझ्झा करणं म्हणजे नुसतं जेवण करणं, आणि त्यासाठी गुणवत्ता अधिकारी लागत नाही. टिपणीसांनी पुढील निकष ठरवले. व्यास अठ्ठावीस सेंटिमीटर, अधिक-उणे पाच मिलिमीटर. गोलाई वॉशरच्या नियमाने. तळाला काळे ठिपके किमान आठ, कमाल चौदा. झुकाव: तुकडा कडेला धरला असता टोक पंधरा अंशांपेक्षा जास्त झुकता कामा नये. हा कोन अनुयाच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजायचा. ती पेटी इथेच विसरून गेली होती, आणि दोन महिने झाले तरी टिपणीसांनी ती परत पाठवली नव्हती (उपकरण वापरात असल्याने). शेवटचा निकष चव. चव मोजण्याचं साधन बाजारात उपलब्ध नसल्याने तो वगळण्यात आला.

भट्टीचं तापमान मोजायला घरात एकच यंत्र होतं, साथीच्या काळात कपाळावर रोखायला आणलेलं. ते भट्टीच्या तोंडावर रोखताच त्याचा पडदा लाल झाला आणि ते किंचाळू लागलं. भट्टीला तीव्र ताप असल्याची नोंद घेऊन चाचण्या सुरू करण्यात आल्या.

दर रविवारी चार पिझ्झे, सकाळी अकरापासून. पहिल्या रविवारचा पहिला पिझ्झा उलथण्यावरून सरकेना, आणि सरकला तो घडी होऊन. दुसऱ्याचा आकार ठाणे जिल्ह्यासारखा झाला. तिसरा गोल होता पण करपला. चौथा करपला नाही, शिजलाही नाही.

"पोळी करपली तर आपण ती उलटून वाढतो," कुंदाताई म्हणाल्या. "सुनावणी घेत नाही."

नापास मालाची विल्हेवाट हा कारखान्यात मोठा गंभीर विषय असतो. असा माल लाल खूण लावून वेगळ्या कुंपणात ठेवतात, म्हणजे तो चुकून चांगल्या मालात मिसळत नाही. लाल खुणेसाठी कुंदाताईंच्या टिकल्यांचं पाकीट ताब्यात घेण्यात आलं. नापास पिझ्झ्याच्या ताटाच्या कडेला एक टिकली चिकटवायची आणि ताट मागच्या भिंतीवर ठेवायचं, अशी पद्धत पडली. भिंतीवरून ते पुतळाबाईंच्या अंगणात जाई आणि त्यांची नात जिज्ञासा ते संपवी. जिज्ञासा अनुयाच्याच वर्गात होती, हा तपशील समितीला महत्त्वाचा वाटला नाही.

दुसऱ्या रविवारी शेजारचे कमळाकर यांची तक्रार आली, धुराने कपड्यांना वास येतो अशी. टिपणीसांनी ती रीतसर नोंदवून घेतली आणि भरपाई म्हणून एक नापास पिझ्झा दिला. तक्रार मागे घेण्यात आली. त्यानंतर कमळाकर दर रविवारी साडेबारा वाजता तक्रार करू लागले. पुढे पुढे तर ते ताट घेऊनच तक्रार करायला येत.

आणि दर शनिवारी संध्याकाळी शौनकचा फोन येई.

"बाबा, उद्या येतो आम्ही. अनु मागे लागलीय."

"उद्या नको रे. झुकाव बावीस अंश येतोय."

"अहो, आम्हाला चालेल ना कसाही!"

"चालेल म्हणणाऱ्यांमुळेच नळ गळतात, शौनक."

"बरं, मग नुसते येतो. पिझ्झा नको. आई वरणभात लावेल ना."

"नुसते? आणि ही भट्टी मग कशासाठी बांधली?" टिपणीस दुखावले. "पुढच्या रविवारी या. पास झाली की मीच फोन करतो."

येणेप्रमाणे, नात घरी यावी म्हणून बांधलेली भट्टी पूर्ण होईपर्यंत नातीला घरी येण्यास मनाई करण्यात आली. यात काही विसंगती आहे असं जर कुणाला वाटत असेल, तर त्याने कधी संस्थेत काम केलेलं नाही.

सात रविवार असे गेले. आठव्या शनिवारी फोनवर शौनकचा आवाज जरा निराळा होता. "बाबा, आम्ही इकडे शिफ्ट झालो याचा राग आहे का तुम्हाला? खरं सांगा."

"छे! राग कसला? काळे ठिपके सोळा येतायत."

"ओके," शौनक म्हणाला, आणि फोन ठेवला.

नवव्या शनिवारी फोन आला नाही. टिपणीसांनी सात वाजता फोनची रेंज तपासली. साडेसातला कुंदाताईंना स्वयंपाकघरातून आपल्याला फोन लावायला सांगितला. लागला. म्हणजे यंत्रात दोष नव्हता. ते बराच वेळ फोन मांडीवर घेऊन बसले. त्यांना एकदम खूप रिकामं वाटलं, आणि या नोंदीसाठी रकाना नसल्याने त्यांनी ती 'हवामान' या सदराखाली केली: 'फोन नाही.'

दहाव्या आणि अकराव्या शनिवारीही तेच हवामान होतं.

मात्र याच काळात काही उत्साहवर्धक घडामोडी झाल्या. नवव्या रविवारपासून नापास मालाची मागणी अचानक वाढली. एरवी दोन ताटं पुरत, आता पुतळाबाई भिंतीवरून डोकावून "आजून एक हाय क?" असं विचारू लागल्या. त्याच रविवारपासून कुंदाताईंना अकरा वाजता भजनी मंडळात जावं लागू लागलं. एका परत आलेल्या ताटात ढोबळी मिरचीचे तुकडे वेचून कडेने ओळीत लावलेले आढळले. टिपणीसांनी ते मोजले (सतरा) आणि शेरा लिहिला: 'ढोबळी मिरची वगळण्यात आली. कारण अज्ञात.' असं मिरची वेचून कडेला लावणारं कुणीतरी आपल्या माहितीत आहे, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं. पण तेवढ्यात पुढच्या पिझ्झ्याची वेळ झाली.

अकरा रविवारांचा गोषवारा असा. एकूण पिझ्झे चव्वेचाळीस. उत्तीर्ण शून्य. शिल्लक शून्य. या दोन शून्यांचा एकमेकांशी काही संबंध असावा, अशी शंका टिपणीसांना आली नाही. ती आली असती तर हे निवेदन इथेच संपलं असतं.

बाराव्या रविवारी सत्तेचाळिसावा पिझ्झा भट्टीतून बाहेर आला. व्यास अठ्ठावीस. गोलाई अशी की टिपणीसांनी ती दोनदा मोजली. ठिपके बारा. त्यांनी तुकडा कापला, उचलला, कोनमापक लावला. एकोणीस अंश.

चार अंश जास्त. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाला अर्धा अंश सोडला नव्हता. त्यांनी तुकडा जागेवर ठेवला, ताटाला टिकली लावली आणि ताट भिंतीवर ठेवलं. खरं तर लगेच वळून जायचं असतं. पण आज ते तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले.

पलीकडून एक हात वर आला. पुतळाबाईंच्या हातात हिरवा चुडा असे. या हाताच्या मनगटावर गुलाबी पट्ट्याचं घड्याळ होतं. टिपणीसांनीच घेतलेलं.

"अनु, माना पन एक तुकरा ठेव हां!" जिज्ञासाचा आवाज आला.

टिपणीस बादली पालथी घालून तिच्यावर चढले. पुतळाबाईंच्या अंगणात मोठी चटई होती. चटईवर शौनक, राजसी, जिज्ञासा, तक्रारदार कमळाकर आणि मधोमध, मांडी घालून, एका सदस्याचं भजनी मंडळ. कुंदाताईंच्या तोंडात घास होता. अनुया ताट छातीशी धरून उभी होती.

नापास माल थेट मूळ ग्राहकाच्या हाती लागणं, ही कारखान्याच्या भाषेत सर्वांत गंभीर अनियमितता.

"कधीपासून?" टिपणीसांनी विचारलं.

"चौथा रविवार हा, बाबा," शौनक म्हणाला. "तुम्ही बोलावत नव्हता. जिज्ञासा शाळेत रोज पिझ्झ्याचं सांगायची. मग आई म्हणाली, समोरच्या दाराने नाही, तर मागच्या."

"अनु, ते ठेव," टिपणीस म्हणाले. "तो नापास आहे, बाळा. तुझ्यासाठी मी पास झालेला करतोय."

"कधी होणार पास?"

"ते... नक्की सांगता येत नाही."

"मग तोवर मी हाच खाते." अनुयाने एक घास घेतला. ढोबळी मिरची काढून कडेला लावली. मग मान वर करून, तोंड भरलेलं असतानाच तिने विचारलं, "आजोबा, सगळे इकडे आहेत. तुम्ही एकटेच तिकडे का?"

हा सहावा 'का' होता.

टिपणीसांनी उत्तर शोधलं. व्यास, गोलाई, ठिपके, झुकाव. सगळी उत्तरं भिंतीच्या अलीकडची होती.

"जल्ला, बादलीवरना पडशील," पुतळाबाई म्हणाल्या. "पोटान गेल्याव कनाला दिसतं, गोल हाय क चौकोनी? ये इकरं."

भिंतीला दार नव्हतं. गल्लीला वळसा घालून जायला चार मिनिटं लागली. टिपणीस उलथणं हातात तसंच घेऊन गेले; ते ठेवायचं भान राहिलं नाही. चटईवर त्यांना जागा करून देण्यात आली. अनुयाने ताटाच्या कडेची टिकली काढली, नीट बघितली, आणि आजोबांच्या शर्टाच्या खिशावर चिकटवली. पद्धतीला धरूनच होतं ते. नापास माल भिंतीच्या याच बाजूला ठेवायचा असतो.

मग त्यांनी तो पिझ्झा खाल्ला. बारा रविवारांत पहिल्यांदाच. चव मोजायचं साधन अजूनही उपलब्ध नव्हतं, पण त्यांनी दुसरा तुकडा मागितला, हे कमळाकरांनी पाहिलं आहे. कंपासपेटी त्या दिवशीही परत गेली नाही. अनुया म्हणाली, राहू दे इथेच, दर रविवारी लागतेच की.

भट्टी आजतागायत पास झालेली नाही. रविवारी अकरा वाजता जाळ होतो. टिकल्या कुंदाताईंना परत मिळाल्या आहेत.

एवढं वाचून टिपणीसांना हसलेल्या वाचकांसाठी एक छोटासा नमुना सोबत जोडला आहे. पेन्सिलीने भरला तरी चालेल.

१. 'एकदा निवांत बोलावू' असं म्हणून आपण ज्यांना अद्याप बोलावलेलं नाही, त्या व्यक्तीचं नाव:

२. केव्हापासून (वर्षांत लिहावे):

३. कारण (लागू असेल त्यावर खूण करावी): घराला रंग द्यायचा आहे / नवा सोफा यायचा आहे / मुलांची परीक्षा आहे / ओल आली आहे / काहीतरी चांगलं करायला जमलं की मग.

४. रंग, सोफा, परीक्षा व ओल यांबाबत सदर व्यक्तीने आजवर केलेल्या तक्रारींची संख्या:

५. सदर व्यक्ती अजून येण्याच्या स्थितीत आहे काय? (हा रकाना भरल्याशिवाय पान उलटू नये.)